ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि जुन्नरच्या पोढी

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेस, पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरी नावाचे एक टेकाड आहे. १९४४-४५ च्या सुमारास या टेकाडात कांस्यवस्तूंचा एक मोठा साठा हाती आला. राजाराम महाविद्यालयातील प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या नावाने तो विद्वानांत ओळखला जातो. त्यापाठोपाठ १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले व १९५२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. सातवाहनकाळातील एक भरभराटीचे नगर या टेकाडाखाली नांदत होते, हे त्यामुळे निर्विवाद ठरले. सापडलेल्या वस्तूंतील पुष्कळशा येथल्याच कारागिरांच्या हातच्या आहेत. थोड्या मात्र समुद्रापलीकडून, रोमन साम्राज्यातून आलेल्या आहेत. त्यांतच वीतभर उंचीची एक कांस्यमूर्ती आहे. ती ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची होय. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयामुळे ती आज सर्वपरिचित झाली आहे.

या मूर्तीविषयी आजवर जे लिहिले गेले त्याचे दोन प्रकार पडतात. पहिला व्यापाराच्या पुराव्याचा. कार्ल खंडालावाला यांनी १९६० साली ‘ललितकला’ या नियतकालिकात या साठ्याचा साक्षेपी विचार केला. पुढे रिचर्ड डी प्युमा या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ साली कोल्हापूरच्या रोमन कांस्यवस्तूंवर स्वतंत्र निबंध लिहिला. हे काम मोलाचे आहे व त्यावाचून आम्हांस एक पाऊलही पुढे टाकता आले नसते. दुसरा प्रकार मात्र हौशी लिखाणाचा आहे. त्यात हा पोसायडन कधी ‘ग्रीकांचा वरुण’ होतो, तर कधी पंचगंगेच्या काठचा ‘जलदेव’ होतो. हातचा त्रिशूळ गळून पडलेला असला तरी तो होता हे कळताच कोणास शिवाची आठवण होते. अशा रीतीने एक परका देव दोन वाक्यांत आपल्या देवळात बसविला जातो. या दुसऱ्या प्रकाराविषयीच आम्हांस येथे काही म्हणावयाचे आहे, कारण त्यात केवळ एका मूर्तीचा प्रश्न नाही. पाण्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा प्रश्न आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानी घ्यावी. पोसायडन हा समुद्राचा देव आहे, नदीचा नव्हे. ग्रीकांनी हा भेद काटेकोरपणे पाळला होता. हेसिअड या प्राचीन कवीने नद्यांची वंशावळ दिली आहे. तीनुसार सर्व नद्या ओकेआनोस व टेथिस यांचे पुत्र होत. येथे ‘पुत्र’ हा शब्द आम्ही हेतुतः वापरला आहे. आपल्याकडे सिंधू, शोण, ब्रह्मपुत्र यांसारखे काही नद वगळता नदी ही स्त्रीरूप मानली गेली. ग्रीकांची नदी पुरुष आहे. तिला आईबाप आहेत, विवाह आहेत, संतती आहे, आणि राजघराणी आपला वंश नदीपासून सांगत असत. ज्या समाजात कुळाला इतके महत्त्व त्या समाजाने नदीलाही कूळ द्यावे, हे स्वाभाविकच आहे.

कलेत या नदीदेवाला जी रूपे मिळाली ती पाहण्यासारखी आहेत. अखेलोओस हा त्यांतला सर्वांत मानाचा. त्याचे धड बैलाचे व तोंड दाढीवाल्या माणसाचे. नदी बैलासारखी डुरकते, शिंगांनी काठ उकरते, हा अनुभव त्यामागे असावा. हेराक्लीसने झुंजीत त्याचे एक शिंग मोडले, अशी कथा आहे, आणि फळाफुलांनी भरलेले समृद्धीचे शिंग ते हेच, असे एक परंपरा सांगते. पुराला आवर घातला म्हणजे शेत पिकते, एवढाच या कथेचा शेतकऱ्याला कळणारा अर्थ. पुढे सिकंदरानंतरच्या काळात बैल मागे पडला व मनुष्यरूप स्थिर झाले. इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास युटिखिडीस या शिल्पकाराने अँटिऑक नगरीची भाग्यदेवता घडविली. तिच्या पायांपाशी ओरोंटीस नदी पोहणाऱ्या तरुणाच्या रूपाने दाखविलेली आहे. पाण्यातून त्याचा कमरेवरचा भाग तेवढा वर आलेला. व्हॅटिकनमधील नाईल म्हणजे कोपरावर रेललेला भारदस्त वृद्ध, अंगावर खेळणारी सोळा मुले. ही सोळा मुले म्हणजे पुराचे सोळा हात पाणी, असा अर्थ लावला जातो. नाईलच्या पाण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांचे वर्षभराचे गणित त्या शिल्पात आहे. आम्हांस हे शिल्प फार आवडते, हे येथे नमूद करून ठेवतो.

ही मूर्तिकला भारताच्या वायव्येसही पोचली होती. बॅक्ट्रियातील तख्त-इ-संगीन येथील मंदिरात एक छोटी दगडी वेदी मिळाली. तीवर दुहेरी पावा वाजविणारी कांस्यमूर्ती आहे व खाली ग्रीक लिपीत कोरले आहे की, ॲट्रोसोकीस नावाच्या भक्ताने ती ऑक्सस नदीला वाहिली. देणाराचे नाव इराणी, भाषा ग्रीक, आणि देव म्हणजे डोळ्यांसमोरून वाहणारी नदी! पुढे कुषाण राजा हुविष्क याच्या सुवर्णनाण्यावर हीच नदी पुरुषरूपाने नावानिशी अवतरते. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके नाणे शक राजा मोअ याचे आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील या राजाच्या एका नाण्यावर पोसायडन उभा आहे आणि त्याचा पाय एका लहानशा नदीदेवाच्या खांद्यावर रोवलेला आहे. सिंधूच्या पाण्यावर मिळविलेल्या विजयाचे हे चित्र असावे, असे टार्न या इतिहासकाराचे मत होते. ते कोणी मानो वा न मानो, चित्रातली भाषा स्पष्ट आहे. पाण्याला देह दिला की त्या देहाला वर-खाली बसविणे आले. मोठे पाणी लहान पाण्याला पायाखाली घेते. देवांच्या जगातही उतरंड आली.

आता ब्रह्मपुरीच्या मूर्तीकडे वळू. दाढीधारी, विवस्त्र, पिळदार देहाचा हा पुरुष सैलपणे उभा आहे. एक हात उंचावलेला असून त्यात लांब दांड्याचे आयुध असावे अशी त्याची ठेवण आहे. ही ठेवण सिकंदरकालीन शिल्पकार लिसिप्पोस याच्या परंपरेतली, आणि मूर्ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत रोमन साम्राज्यातील कारखान्यांतून तशा लहान प्रतिकृती निघत त्यांपैकी एक, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. याच साठ्यातील एक सुबक कांस्यसुरई इटलीतील कांपानिया प्रांतातली ठरविण्यात आली आहे. मूर्तीचे कौतुक करताना ती प्रतिकृतीची प्रतिकृती आहे, याचा विसर पडू नये. देहाचा तोल उत्तम साधला आहे, परंतु त्या तोलामागचा विचार कोणा एका जुन्या कलावंताचा आहे. ओतणाऱ्याने तो पाठ केला होता, इतकेच.

याच साठ्यात हत्तीची एक इवलीशी कांस्यकृती आहे. हत्तीच्या पाठीवर माणसे एकामागे एक दाटीने बसली आहेत. ती सातवाहनकाळातील एतद्देशीय कारागिराची आहे. हत्तीची चाल, सोंडेचा बाक, बसणाऱ्यांची एकमेकांना बिलगलेली अंगे, हे सारे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. आमच्या मते कलाकृती म्हणून ही हत्तीची मूर्ती पोसायडनहून सरस आहे. हे मत काहींना रुचणार नाही. परदेशातून आले ते श्रेष्ठ, ही समजूत आपल्याकडे अद्याप घट्ट आहे. दोन्ही वस्तू लागोपाठ निवांतपणे पाहाव्या व मग वाचकांनीच ठरवावे.

मात्र पोसायडनची पूजा कोल्हापुरात होत होती, असे म्हणण्यास या साठ्यात काहीही आधार नाही. सुरई, आरसा, भांडी यांच्या संगतीत ती सापडली. घरातील मौल्यवान वस्तूंत एक शोभेची वस्तू, याहून अधिक काही तिजवरून सिद्ध होत नाही. आणि ज्या नगरात ती होती त्या नगरात स्तूपही होता. एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरात एका स्तूपाच्या अवशेषांतून धातुकरंडक निघाला. त्यावरील ब्राह्मी लेखात बम्ह नावाच्या गृहस्थाचे हे दान असून धमगुत याने ते करवून घेतले, असे सांगितले आहे. ‘धमगुत’ म्हणजे धम्मगुप्त. जोतिबाच्या डोंगरानजीक पोहाळ्याची बौद्ध लेणी आजही उभी आहेत. म्हणून मूर्ती बौद्ध गृहस्थाचीच होती, असे आम्ही म्हणणार नाही. तसा पुरावा नाही, आणि पुराव्याविना हक्क सांगण्याची सवय आपण इतरांकडून उचलू नये. आम्हांस विचारावयाचे आहे ते एवढेच की, ज्या काळात पाण्याला असा देह देणारी कला दाराशी आली होती त्या काळी बौद्धांनी स्वतः पाणी कसे दाखविले?

उत्तरासाठी सांचीला जावे लागते. सांचीच्या महास्तूपाच्या पूर्वेकडील तोरणस्तंभावर उरुवेलेचा प्रसंग कोरला आहे. पूर आला आहे, भगवान पाण्यातून चालत आहेत, आणि त्यांना बुडताना समजून कस्सप शिष्यांसह नाव घेऊन धावला आहे. त्या काळच्या संकेतानुसार भगवानांची आकृती नाही, केवळ चंक्रमणाचा पाट आहे. पण नदीचीही आकृती नाही, याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. तेथे लाटा आहेत, पाणपक्षी आहेत, पुरात उभी झाडे आहेत, सुसर आहे. हाच प्रसंग रोममधील शिल्पकाराला दिला असता तर एका कोपऱ्यात रेललेला वृद्ध बसविल्याशिवाय त्याचे समाधान झाले नसते. सांचीच्या कारागिराला नदी दाखविण्यासाठी पाणी पुरेसे वाटले. पुढच्या शतकांत हे बदलले, हेही सांगितले पाहिजे. अजिंठ्याच्या काही लेण्यांच्या दारांवर मकरावर उभ्या स्त्रिया आहेत, आणि गंगा-यमुनांच्या जोडीशी त्यांचे नाते उघड आहे. आरंभीच्या बौद्ध कलेने जे टाळले ते नंतर दारापर्यंत आले. असे का झाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सांचीच्या कारागिराच्या मागे एक विचार उभा होता, असे आम्हांस वाटते, व तो पालि वाङ्मयात सापडतो. मज्झिमनिकायातील वत्थूपम सुत्तात सुंदरिक भारद्वाज ब्राह्मण भगवान बुद्धांना विचारतो की, आपण बाहुका नदीवर स्नानास जाता काय? भगवान उत्तरादाखल बाहुका, गया, सुंदरिका, सरस्सती, पयाग अशी तीर्थांची यादीच घेतात, आणि दुष्कृत्य करणाऱ्याला यांपैकी कोणतेही पाणी शुद्ध करू शकत नाही, असे बजावतात. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात दुथडी भरलेल्या अचिरवतीच्या काठी उभा राहून पलीकडच्या काठाला ‘इकडे ये’ म्हणून हाका मारणारा माणूस आहे. काठ येईल काय, असा तेथला प्रश्न आहे. नदीची प्रार्थना ऐकणारे कोणी तेथे नाही. पार होण्यासाठी हातपाय हलवावे लागतात.

आणि थेरीगाथेतील पुण्णिका तर आमच्या वाचकांच्या विशेष परिचयाची असावी. अट्ठकथेनुसार ती अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी. थंडीवाऱ्यात, मालकिणीच्या माराच्या भयाने, ती नदीवर पाणी आणावयास जाई. कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणास ती विचारते की, तू कोणाच्या भयाने पाण्यात उतरला आहेस? स्नानाने पाप धुतले जाते असे तो सांगतो तेव्हा ती म्हणते, तसे असेल तर बेडूक, कासवे, पाणसाप सर्वच स्वर्गास गेले पाहिजेत. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्याजवळ उरेल काय? ब्राह्मणाला नदी पवित्र आहे. पुण्णिकेला नदी म्हणजे भरून न्यावयाचा घडा आहे. ज्याला पाणी वाहावे लागते त्याची पाण्याविषयीची समज पाण्याला फुले वाहणाऱ्याहून निराळी असते. ग्रीक वाङ्मयातही पाण्याला जाणाऱ्या दासी आहेत, परंतु त्यांपैकी कोणी नदीदेवाला असा प्रश्न केल्याचे आमच्या वाचनात नाही.

पालि वाङ्मयात पोसायडनच्या जवळपास येणारी व्यक्तिरेखा शोधू गेल्यास अंगुत्तरनिकायातील पहाराद असुरेंद्र सापडतो. तो महासागरात राहणाऱ्या असुरांचा अधिपती आहे. भगवान त्याला विचारतात, असुरांना महासागर का आवडतो? तो आठ कारणे सांगतो. त्यांतील एक असे की, गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या नद्या सागरास मिळताच आपली पूर्वीची नावे व गोत्रे टाकतात. भगवान म्हणतात, चारही वर्णांचे लोक या धम्मविनयात प्रव्रजित झाले की तसेच नाव-गोत्र टाकतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात हाच दृष्टान्त दिला होता, हे वाचकांस ठाऊक आहे. मोअ राजाच्या नाण्याशेजारी हे सुत्त ठेवून पाहावे. तेथे समुद्राचा देव नदीला पायाखाली तुडवितो. येथे समुद्राचा स्वामी बसून सागराचे गुण सांगतो, आणि सागरात कोणी कोणाच्या खाली नाही. नदीला गोत्र देणारी हेसिअडची वंशावळ व नदीचे गोत्र सोडविणारे हे सुत्त, यांतील अंतर ग्रीस व मगध यांमधील अंतराहून मोठे आहे.

कोल्हापुरात मात्र नद्यांच्या नावांचे जे झाले ते याच्या उलट आहे. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार दृश्य प्रवाहांची नदी. पाचवी सरस्वती, ती गुप्त म्हणून सांगितली जाते. संगमाच्या गावाला प्रयाग चिखली म्हणतात. सरस्सती आणि पयाग! वत्थूपम सुत्तात ज्या नावांचा भगवानांनी निरास केला त्यांपैकीच दोन नावे दक्षिणेतील एका साध्यासुध्या नदीवर येऊन बसली. नगराला दक्षिण काशी म्हटले गेले. स्तूपाचे नाव कोणी राखले नाही. मूर्ती घडवूनच पाण्याला देव करावे लागते असे नाही; नावानेही ते होते. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेने शहरात शिरून जे केले ते सर्वांनी पाहिले. अशा वेळी नदीचा कोप झाला म्हणणे सोपे असते. नदीच्या पात्राशेजारी काय काय बांधले गेले, हे विचारणे अवघड असते.

सातवाहनकाळात यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा व ग्रीक संस्कारांच्या लोकांचा, धम्माशी संबंध आला तो कोणत्या रूपाने, हे पाहिल्यावाचून ही चर्चा पुरी होणार नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. नाशिकच्या एका लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडून आलेला, दत्तामित्री नगरीचा योनक आहे व त्याच्या पित्याचे नाव धम्मदेव. जुन्नरला तीन यवनांचे लेख आहेत. त्यांतील चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात भगवान म्हणतात की, योन व कंबोज देशांत आर्य व दास असे दोनच वर्ण आहेत आणि आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो. ज्यांच्या उदाहरणाने चातुर्वर्ण्याचा दावा खोडला गेला ते लोक सह्याद्रीच्या लेण्यांत दान देण्यास आले, याचे आम्हांस नेहमी समाधान वाटते. ग्रीकांत दास होते, याकडे मात्र डोळेझाक करू नये. सुत्तही ती करीत नाही.

ही वाहतूक एकाच दिशेची नव्हती. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदरात, जेथून रोमन साम्राज्याची गलबते मोसमी वाऱ्यावर भारताकडे निघत, तेथील इसिस देवीच्या मंदिराच्या प्रांगणात जानेवारी २०२२ मध्ये बुद्धमूर्ती सापडली व एप्रिल २०२३ मध्ये ते वृत्त जाहीर झाले. मूर्ती ७१ सेंटिमीटर उंच असून दुसऱ्या शतकातील मानली जाते. मस्तकामागे प्रभामंडल, शेजारी कमळ. दगड भूमध्य प्रदेशातील संगमरवर आहे, म्हणजे ती तिकडेच घडविली गेली असावी. त्याच मंदिरात सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. इकडे पोसायडन आला त्याच वाटेने तिकडे बुद्ध गेले होते. तिकडे त्यांची मूर्ती मंदिरात, इसिसच्या अंगणात उभी राहिली, हेही टिपून ठेवावे. देवांच्या गर्दीत बुद्धांनाही एक देव म्हणून उभे करणे केवळ भारतातच झाले असे नाही.

जुन्नरच्या तीन यवनांपैकी एकाचा उल्लेख वर राहिला. त्याचे नाव इरिल. तो स्वतःला ‘गतांचा’ म्हणवितो. या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत वाद आहे. त्याच्या लेखात त्याचे नाव आहे, तो यवन आहे हे आहे, आणि देयधर्म म्हणून दोन पोढी दिल्याचे आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. हा शब्द लेण्यांच्या परिसरात अजून ऐकू येतो. पावसाळ्याचे पाणी त्यात साठे व उन्हाळ्यात भिक्खूंच्या, वाटसरूंच्या उपयोगी पडे. इरिल ज्या संस्कारात वाढला त्यात पाण्याला दाढी, त्रिशूळ, शिंग, कूळ सारे होते. ब्रह्मपुरीची मूर्ती ज्या जगातून आली त्याच जगाची ओळख त्याच्या नावामागे आहे. पण संघाला काय द्यावे असा प्रश्न त्याच्यापुढे आला तेव्हा त्याने पाण्याचा देव दिला नाही, पाणी दिले.

कलेच्या इतिहासाच्या ग्रंथांत पोसायडनचे छायाचित्र छापले जाते. इरिलच्या टाक्यांचे छापले जात नाही. टाके ही कलाकृती नव्हे, असे उत्तर मिळेल. तथापि कातळाचा उतार ओळखून, झिरपा हेरून, छिन्नीने खोल कापलेले व आतून समतल केलेले ते काम पाथरवटाच्या कौशल्याशिवाय होत नाही. जुन्नरला जाणाऱ्यांनी चैत्यगृहाची कमान पाहून परत फिरू नये. बाजूची टाकी पाहावीत, त्यांवरील लेख वाचण्याचा यत्न करावा, आणि कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये जातील तेव्हा त्या वीतभर मूर्तीसमोर हे टाके आठवावे.